राष्ट्रीय स्टेडियम पाडून नवं बांधायचं, तर पैसा कुठून आणायचा आणि काम कसं सांभाळायचं?

प्रश्न थोडक्यात असा: एखाद्या देशाच्या फुटबॉल संघटनेला आपलं जुनं राष्ट्रीय स्टेडियम पाडून त्याच जागी नवं उभारायचं असेल, तर पैशांची जुळवाजुळव कशी होते, कंत्राट कसं द्यावं आणि लंडनच्या वेम्ब्लीचं काम एवढं का रखडलं?

उत्तर वेम्ब्लीवरूनच देतो. या धंद्यात जे जे बिघडू शकतं, ते बहुतेक सगळं तिथे बिघडलं. संसदीय समित्या, लेखापरीक्षण आणि न्यायालयीन निकाल यांमुळे ते कागदावरही आलं. जिथे गरज पडेल तिथे आयर्लंडमधल्या डब्लिन आणि वेल्समधल्या कार्डिफची उदाहरणं घेतो.

सुरुवात तारखांपासून करू. १९२३ मध्ये उघडलेल्या जुन्या वेम्ब्लीवर इंग्लंडचा शेवटचा सामना ७ ऑक्टोबर २००० रोजी जर्मनीविरुद्ध झाला. पाडकाम सुरू व्हायला सप्टेंबर २००२ उजाडला. मधली जवळपास दोन वर्षं स्टेडियम कुलूपबंद होतं. तिकिटांचं उत्पन्न शून्य, पण पहारा, कर्मचारी आणि सल्लागारांची फी चालूच. कारण साधं होतं: बंद करताना कर्ज हातात नव्हतं. २००० च्या अखेरीस बँकांकडून पैसा उभारण्याचा प्रयत्न फसला आणि नवा कर्जदाता मिळून सह्या व्हायला २००२ चा सप्टेंबर लागला. मुंबई-पुण्यात सोसायटीच्या पुनर्विकासात सभासद बिल्डरची बँक गॅरंटी आणि भाड्याचे चेक हातात पडल्याशिवाय घराची किल्ली देत नाहीत; ही अक्कल मोठमोठ्या संघटनांना मात्र सुचत नाही. ‘शेवटचा सामना’ जाहीर केला की तिकिटं हातोहात खपतात, वर्तमानपत्रांत पानं भरतात, आणि तारीख ठरून जाते.

म्हणून पहिला नियम: चार कागद पूर्ण झाल्याशिवाय गेट बंद करायचं नाही. कर्जाचा सही झालेला करार. किंमत पक्की असलेलं बांधकामाचं कंत्राट. बांधकाम परवानगी, तीही न्यायालयात आव्हान देण्याची मुदत उलटून गेलेली. आणि जमिनीची निर्वेध मालकी किंवा भाडेपट्टा. यातला एकही कागद ‘पुढच्या महिन्यात होईल’ या अवस्थेत असेल, तर आणखी एक हंगाम जुन्या स्टँडमध्येच काढावा. काम सुरू असताना सामने कुठे होणार, हेही आधी ठरवावं लागतं. इंग्लंडचा संघ त्या काळात देशभरच्या क्लबांच्या मैदानांवर खेळला आणि २००१ ते २००६ पर्यंत एफए कप या इंग्लंडच्या बाद स्पर्धेचे अंतिम सामने कार्डिफला झाले. राष्ट्रीय स्टेडियमला दर आठवड्याला लीगचे सामने नसतात, त्यामुळे ते पूर्ण पाडता येतं. क्लबाच्या स्टेडियमला बरेचदा एकेक स्टँड करत जावं लागतं.

आता पैसा. २००२ मध्ये वेम्ब्लीचा एकूण खर्च ७५.७ कोटी पौंड धरला होता. त्यात वेस्टएलबी या जर्मन बँकेचं कर्ज ४२.६ कोटी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे (एफए) स्वतःचे १४.८ कोटी, लॉटरीच्या पैशातून स्पोर्ट इंग्लंड या सरकारी क्रीडासंस्थेचं अनुदान १२ कोटी, लंडन डेव्हलपमेंट एजन्सीचे २.१ कोटी आणि केंद्रीय सांस्कृतिक व क्रीडा खात्याचे २ कोटी होते. किरकोळ भाग इतर मार्गांनी आला. प्रत्यक्षात खर्च ८० कोटींच्या आसपास गेला. बांधकामाचं कंत्राट होतं सुमारे ४५ कोटींचं, म्हणजे एकूण खर्चाच्या जेमतेम साठ टक्के. नवख्या समित्या नेमक्या इथेच फसतात. वास्तुविशारद प्रति आसन दर सांगतो, तो आसनसंख्येने गुणला जातो आणि तोच ‘प्रकल्प खर्च’ म्हणून छापून येतो. जमीन, सल्लागारांची फी, बांधकामाच्या काळातलं व्याज, कर्ज मिळवण्याचा खर्च, विमा, रस्ते-स्टेशनची कामं, फर्निचर, स्वयंपाकघरं, तिकीट यंत्रणा आणि राखीव रक्कम हे सगळं त्याच्या बाहेर राहतं. वेम्ब्लीत लॉटरीच्या १२ कोटींतले दहा कोटींहून अधिक पौंड तर जुनं स्टेडियम विकत घेण्यातच गेले.

सरकारी अनुदानाबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, ते ठरावीक रकमेचं असतं. खर्च वाढला तर वाढीव बोजा सगळा तुमचा. दोन, त्याला अटी चिकटलेल्या असतात. वेम्ब्लीचं अनुदान फुटबॉल, रग्बी लीग आणि ॲथलेटिक्स अशा तिन्हींसाठी होतं. धावपट्टीसाठी खालच्या आसनांवर तात्पुरतं व्यासपीठ उभारायची योजना होती. ती खर्चिक, उभारायला वेळखाऊ आणि आसनं घटवणारी. डिसेंबर १९९९ मध्ये मंत्री ख्रिस स्मिथ यांनी ॲथलेटिक्सला वेम्ब्लीतून बाहेर काढलं आणि २ कोटी पौंड परत करण्याचं ठरलं. ॲथलेटिक्ससाठी लंडनमधल्याच पिकेट्स लॉकला वेगळं स्टेडियम बांधायचं घाटत होतं, तेही २००१ मध्ये गुंडाळलं गेलं आणि २००५ ची जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा लंडनच्या हातून निसटून हेलसिंकीला गेली. फुटबॉल आणि धावपट्टी एकाच वाडग्यात, म्हणजे आसनांच्या एकाच घेरात, बसवण्याचा हट्ट स्टेडियमच्या नियोजनातला सगळ्यात महागडा हट्ट आहे. त्याचा निकाल आराखड्याच्या पहिल्या महिन्यातच लावावा.

कर्ज देणारी बँक स्टेडियमचं सौंदर्य पाहत नाही. वर्षाचा हप्ता आणि वर्षाची निव्वळ कमाई यांचं गुणोत्तर पाहते. उदाहरणादाखल आकडे घेऊ: ३० कोटींचं कर्ज, २० वर्षं, ६ टक्के व्याज. समान वार्षिक हप्ता साधारण २.६२ कोटी येतो. बँकेला हप्त्याच्या १.४ पट कमाई दिसायला हवी असेल, तर खर्च वजा जाऊन दरवर्षी सुमारे ३.६६ कोटी उरले पाहिजेत. आता राष्ट्रीय स्टेडियमवर मोठे सामने वर्षाला किती? आठ-दहा-पंधरा. साध्या तिकिटांवर हे गणित जुळत नाही. ते जुळतं महागड्या आसनांवर: ८,००० आसनं गुणिले वर्षाला ३,५०० पौंड म्हणजे २.८ कोटी, तेही सामना कोणताही असो, आगाऊ.

वेम्ब्लीत मधल्या टियरमधली, म्हणजे आसनांच्या मधल्या मजल्यावरची, सुमारे १७,००० आसनं ‘क्लब वेम्ब्ली’ म्हणून दहा वर्षांच्या परवान्यावर विकली गेली. ९०,००० पैकी पाचव्या हिश्शाहूनही कमी आसनं, पण कर्जाची परतफेड त्यांच्याच खांद्यावर. टीव्हीवर उत्तरार्धाच्या सुरुवातीला मधला पट्टा रिकामा दिसतो आणि लोक चिडतात. ती हीच मंडळी, अजून आत जेवत असतात. ते दृश्य कितीही खुपलं तरी स्टेडियमचे हप्ते तेच भरतात.

या आसनविक्रीत दोन खड्डे आहेत. पहिला, सगळे परवाने एकाच दिवशी सुरू होतात म्हणून एकाच दिवशी संपतात. २००७ चे दहा वर्षांचे परवाने २०१७ मध्ये एकदम नूतनीकरणाला आले. सुरुवातीलाच पाच, आठ आणि दहा वर्षांचे गट पाडले तर हा कडा टळतो. त्यासाठी पहिल्या वर्षी थोडी कमी किंमत घ्यावी लागली तरी चालेल. दुसरा खड्डा डब्लिनने दाखवला. लॅन्सडाउन रोडचं जुनं मैदान पाडून २०१० मध्ये ५१,७०० आसनांचं अविवा स्टेडियम झालं. खर्च ४१ कोटी युरो, त्यात सरकारचे १९.१ कोटी, बाकी आयरिश रग्बी संघटना आणि आयरिश फुटबॉल संघटनेचे. फुटबॉल संघटनेने आपला वाटा उभारायला दहा वर्षांची आसनं काढली, सर्वांत महाग ३२,००० युरोंचं, आणि वर्ष होतं २००८. आयर्लंडची अर्थव्यवस्था त्याच सुमारास कोसळली आणि विक्री अपेक्षेच्या जवळपासही गेली नाही. तूट कर्जाने भरली. पुढे संघटना दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली आणि जानेवारी २०२० मध्ये सरकार, युएफा ही युरोपच्या फुटबॉलची संघटना आणि बँक ऑफ आयर्लंड यांनी मिळून तिला सावरलं. कारणं इतरही होती, कारभारातल्या गंभीर त्रुटी त्यात होत्याच. पण बांधकाम सुरू झाल्यावर आसनं विकायला काढणं हे मूळ दुखणं. कंत्राटावर सही करण्याआधी महागड्या आसनांपैकी निम्म्यांच्या तरी अनामत रकमा बँकेत जमा झालेल्या असाव्यात. इरादापत्रं मोजू नयेत, जमा रकमा मोजाव्यात.

स्टेडियमला प्रायोजकाचं नाव देण्याच्या हक्कांचा पैसा चांगला, पण तो कोण देतंय हे पाहा. पुण्याजवळच्या गहुंजे क्रिकेट स्टेडियमला सहाराचं नाव दिलं होतं. पैसे थकले आणि नाव झाकावं लागलं. शिवाय युएफाच्या अंतिम सामन्यांना प्रायोजकाचं नाव चालत नाही. २०११ च्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यापुरतं अविवा स्टेडियम ‘डब्लिन अरेना’ झालं. करारात अशा दिवसांची तरतूद आणि पाट्या झाकण्याचा खर्च कोणाचा, हे लिहिलेलं नसेल तर वाद ठरलेला.

आता कंत्राट. वेम्ब्लीचं काम मल्टिप्लेक्स या ऑस्ट्रेलियन कंपनीला लमसम, पक्क्या किमतीत दिलं होतं. बँकेला आणि सरकारला ही पद्धत आवडते, कारण आकडा एकच असतो. पण पक्की किंमत जोखीम नाहीशी करत नाही. ती कंत्राटदाराच्या अंगावर जाते, तिथून पोटकंत्राटदाराच्या, आणि कोणालाच पेलली नाही की उशिराच्या रूपाने मालकाकडे परत येते. कार्डिफचं मिलेनियम स्टेडियम १९९९ मध्ये वेळेत उघडलं, पण कमाल किमतीची हमी देणाऱ्या लेंग कंपनीला त्यात जबर तोटा झाला. पुढे २००१ मध्ये तिचा बांधकाम विभाग एका पौंडाला विकला गेला. मालक सुटला, कारण कंत्राटदार शेवटपर्यंत टिकला. प्रत्येक वेळी तसं होत नाही.

वेम्ब्लीत ते लोखंडी कामात फुटलं. छत पेलणारी कमान १३३ मीटर उंच, ३१५ मीटर लांबीची, तिरकी. ती जमिनीवर आडवी जोडून मग उचलायची होती. काम क्लीव्हलंड ब्रिज या पोटकंत्राटदाराकडे होतं. डिझाइनमधले बदल, उशिरा येणारी रेखाचित्रं, त्यांचे पैसे कोणी द्यायचे यावरून वाद पेटला, जगभर पोलादाचे भावही त्याच काळात चढले. कमान २००४ च्या जूनमध्ये उभी राहिली आणि त्याच उन्हाळ्यात पोटकंत्राटदार बाहेर पडला. उरलेलं काम हॉलंडिया या डच कंपनीकडे गेलं. अर्धवट लोखंडी काम दुसऱ्याने उचलणं म्हणजे प्रत्येक सांधा पुन्हा मोजणं, प्रत्येक वेल्ड पुन्हा तपासणं. वाद कोर्टात गेला. २००८ च्या निकालात मल्टिप्लेक्सला मिळाले सुमारे ६१ लाख पौंड, तर दोन्ही बाजूंचा मिळून खटल्याचा खर्च झाला सुमारे २.२ कोटी.

इकडे काम चालू असतानाच २००६ च्या मार्चमध्ये छताची एक तुळई खाली सरकली आणि हजारो कामगारांना बाहेर काढावं लागलं. त्याच महिन्यात जमीन सरकल्याने सांडपाण्याच्या वाहिन्या वाकल्याचं निघालं. २००६ चा एफए कपचा अंतिम सामना वेम्ब्लीवर होणार नाही हे त्याआधी फेब्रुवारीतच जाहीर झालं होतं. शेवटी ऑक्टोबर २००६ मध्ये असोसिएशनने ३.६ कोटी पौंड जादा देऊन मल्टिप्लेक्सशी तडजोड केली आणि मार्च २००७ मध्ये ताबा मिळाला. ‘पक्की किंमत’ होती ना? होती. पण कंत्राटदार काम सोडून गेला तर मालकाचं नुकसान त्याहून मोठं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग कंत्राट कसं द्यावं? दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात कंत्राटदाराला फी देऊन डिझाइनमध्ये बसवायचं: छत कसं उभारणार, क्रेन कुठे उभी राहणार, कोणती जोडणी कारखान्यात आणि कोणती जागेवर, हे त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं. लोखंड आणि पाया या दोन पोटकंत्राटांचे दर खुल्या हिशेबाने ठरवायचे. डिझाइन गोठल्यावरच दुसऱ्या टप्प्यात किंमत पक्की करायची. जमिनीखालचं काय निघेल याची जोखीम मालकाने स्वतःकडे ठेवावी. आधीच भरपूर बोअर घेऊन, जुन्या वाहिन्यांचं सर्वेक्षण करून ती कमी करावी. कंत्राटदाराच्या गळ्यात घातली तर तो त्याची किंमत लावतो किंवा पुढे भांडतो. कामगिरीची बँक गॅरंटी साधारण दहा टक्के, मूळ कंपनीची हमी, आणि महत्त्वाच्या पोटकंत्राटदारांशी मालकाचा थेट हमीकरार, म्हणजे मुख्य कंत्राटदार बुडाला तरी लोखंडवाल्याला थेट कामाला लावता येतं. हा शेवटचा कागद लोक विसरतात आणि नेमका तोच लागतो.

राखीव रक्कम किती? ब्रिटिश अर्थखात्याची मार्गदर्शिका अशा चाकोरीबाहेरच्या इमारतींसाठी सुरुवातीच्या अंदाजावर खर्चात ५१ टक्के आणि बांधकामाच्या मुदतीत ३९ टक्क्यांपर्यंत वाढ धरायला सांगते. काम पक्कं होत जाईल तसा आकडा खाली आणायचा. समितीला ५१ टक्के ऐकून भोवळ येते. वेम्ब्लीचा इतिहास पाहिला की तो अतिरेकी वाटत नाही. उशिराची किंमतही महिन्याच्या हिशेबात लिहून ठेवा: ४२.६ कोटींच्या कर्जावर समजा ७ टक्के व्याज असेल, तर पूर्ण रक्कम उचलल्यावर दरमहा जवळपास २५ लाख पौंड नुसते व्याजाचे.

विलंबाचा दंड कंत्राटात असतो, पण त्यातून हुकलेला अंतिम सामना परत मिळत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या कार्यक्रमासाठी निर्णयाची शेवटची तारीख ठरवून ठेवा. पर्यायी स्टेडियम, पोलीस, रेल्वे आणि तिकिटं यांना साधारण तीन महिने लागतात. त्या दिवशी काम किती झालंय याचा दाखला स्वतंत्र अभियंत्याने द्यावा. कंत्राटदाराचा शब्द किंवा अध्यक्षांचा उत्साह यांवर तो निर्णय घेऊ नये.

मालकाच्या बाजूने वेगळी कंपनी काढतात, तिचं कर्ज तिच्यापुरतं. चांगलं आहे, पण त्या कंपनीत बांधकाम कळणारी स्वतःची माणसं हवीत. संघटनेचे पदाधिकारी, क्लबांचे मालक आणि सरकारचे प्रतिनिधी एकाच टेबलाशी बसले की प्रत्येकाला काहीतरी बदलायचं असतं. बदल मान्य करण्याचा अधिकार एका माणसाला, ठरावीक रकमेपर्यंत, त्यावरचं मंडळाकडे. प्रत्येक बदलाच्या कागदावर किंमत, दिवस आणि सही. तिन्ही असल्याशिवाय जागेवर हातोडा उचलू द्यायचा नाही. तोंडी सांगितलेला ‘एक्स्ट्रा आयटम’ दोन वर्षांनी दाव्याच्या रूपाने भेटतो.

डिझाइनमधले काही आकडे मालकाला पाठ असावेत, कारण पैसा त्यांत अडकलेला असतो. समोरच्याच्या डोक्यावरून नजर किती मिलिमीटर वर जाते, त्याला सी-व्हॅल्यू म्हणतात: ६० चालून जातं, ९० चांगलं, १२० उत्तम. वाढवाल तशी पायरी उंच, वाडगा उंच, छत मोठं, लोखंड जास्त. ब्रिटिश सुरक्षा मार्गदर्शिकेनुसार एका प्रवेशचक्रातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरायची, म्हणजे ९०,००० लोक तासाभरात आत घ्यायला किमान १३७ चक्रं. बाहेर पडायला आठ मिनिटं. सपाट वाटेवर मीटर रुंदीमागे मिनिटाला ८२ माणसं, जिन्यावर ६६. म्हणजे सगळे जिन्यानेच उतरले तर एकूण १७० मीटरहून अधिक रुंदी लागते. ही रुंदी नंतर वाढवता येत नाही, आसनसंख्या मात्र कागदावर सहज वाढवतात. शेजाऱ्यांचंही गणित आधी करा. अविवाचं उत्तर टोक बुटकं, एकाच टियरचं आहे, कारण त्या बाजूला घरांचा उजेड अडत होता. कार्डिफलाही शेजारच्या रग्बी क्लबाच्या स्टँडमुळे एक बाजू अपुरी राहिली.

गवताकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. उंच स्टँड आणि मोठं छत म्हणजे सावली जास्त, वारा कमी. नव्या वेम्ब्लीत पहिली तीन वर्षं मैदान पुन्हा पुन्हा उखडून नवीन टाकावं लागलं. २०१० मध्ये कृत्रिम धागे जमिनीत खोल शिवलेलं मिश्र गवत घातल्यावर परिस्थिती सुधारली. वाढीचे दिवे, खालून हवा फिरवण्याची व्यवस्था आणि मैफलींनंतर नवी हिरवळ बदलण्याचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच हवा.

ताबा मिळाला म्हणजे स्टेडियम सुरू झालं असं नाही. स्थानिक प्राधिकरणाचं सुरक्षा प्रमाणपत्र टप्प्याटप्प्याने वाढतं. वेम्ब्लीत आधी स्थानिक रहिवाशांना आत फिरवलं, मग २४ मार्च २००७ रोजी इंग्लंड-इटली २१ वर्षांखालील सामना प्रेक्षक मर्यादित ठेवून घेतला, आणि मगच १९ मेचा एफए कपचा अंतिम सामना. या सरावांसाठी किमान आठ आठवडे राखून ठेवा. उशीर झाला की पहिली कात्री इथेच लागते.

पुढची वीस वर्षं हप्त्यांची. २००८ पासून एफए कपचे दोन्ही उपांत्य सामने वेम्ब्लीवर व्हायला लागले, अमेरिकन फुटबॉल आलं, टॉटनहॅम क्लबने आपलं मैदान बांधताना इथे भाड्याने मुक्काम केला. उत्तरेकडच्या प्रेक्षकांना उपांत्य फेरीसाठी लंडन गाठावं लागतं म्हणून ते नाराज आहेत आणि त्यांचं चुकत नाही, पण कॅलेंडर भरल्याशिवाय हप्ता भरत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतले उद्योगपती शाहिद खान यांनी स्टेडियम ६० कोटी पौंडांना विकत घ्यायची तयारी दाखवली. विरोध पाहून ऑक्टोबरमध्ये त्यांनी माघार घेतली.

आपल्याकडे, म्हणजे गोव्यातलं फातोर्डा असो की बालेवाडीचं क्रीडासंकुल, बांधकाम सरकारी तिजोरीतून होतं, त्यामुळे महागड्या आसनांचा प्रश्न येत नाही. अडतं ते देखभालीवर. प्रशासकीय मान्यतेत बांधकामाचा आकडा असतो, छताचे पत्रे, फ्लडलाइट, खुर्च्या बदलण्याचा नसतो. कोणत्याही देशात, मालक कोणीही असो, बांधकाम खर्चाच्या एक-दीड टक्का दरवर्षी वेगळ्या खात्यात टाकावा. ४५ कोटी पौंडांच्या इमारतीला तो दीड टक्क्याने ६७.५ लाख होतो. हे खातं कर्जाच्या करारातच बांधून घ्या, म्हणजे वाईट वर्षी कोषाध्यक्षांचा हात त्यात जाणार नाही.